लाल म्हणजे दक्षिण

४ फेब्रुवारी

माननीय परवाना अधिकारी, निर्यात नियंत्रण विभाग, यांस,

आपलं पत्र पोचलं. आमच्या कारखान्याने मागवलेली चुंबकं तुमच्या बंदरावरच्या गोदामात अडवून ठेवली आहेत, आणि सोबतचा जाडजूड जाहीरनामा, म्हणजे हमीपत्र, भरून, यंत्राचे नकाशे जोडून, सही करून पाठवल्याशिवाय ती सुटणार नाहीत, असं आपण कळवलंत. आभारी आहे. खाली सही कोणाची ते वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं.

खिळ्या, मेल्या, तू?

बाबा गेले तेव्हा तुझा फोन नाही, चिठ्ठी नाही. आणि इतक्या वर्षांनी पत्र आलं ते शिक्क्याचं! कारखान्याचं नाव तेच आहे, पत्ता तोच, म्हणजे तू ओळखलं नाहीस असं तर म्हणूच नकोस. खिशात सदा खिळे आणि चुंबक घेऊन हिंडायचास म्हणून बाबांनी तुझं नाव खिळ्या ठेवलं. तो खिळ्या आता सरहद्दीपलीकडे खुर्चीत बसून चुंबकं मोजतो आणि सख्ख्या बहिणीला 'महोदया' लिहितो.

तर ऐका, महोदय. पेपर मीही वाचते. चुंबकं जिच्यापासून होतात त्या दुर्मिळ मातीच्या खाणी तुमच्या डोंगरात. ती माती गाळायच्या भट्ट्याही तुमच्याच. म्हणून जगात पवनचक्की कोणी लावायची आणि विजेची गाडी कोणाची पळायची, हे आता तुम्ही ठरवणार. आजोबांच्या काळात तेलवाले असेच बोलायचे. वाऱ्याला मालक नाही म्हणून बाबांनी हा धंदा धरला. आता वाऱ्याला नाही तर नाही, चुंबकाला मालक निघाला!

आम्ही मालाचे पैसे बंदी यायच्या आधी भरलेत. आधीच्या मालाला सूट आहे, हे तुमच्याच नियमांत लिहिलंय. ते कलम तुला दिसलं नाही? बाकाखाली पडलेली टाचणी तुला उभ्या उभ्या दिसायची रे.

आणि तुमचा तो जाहीरनामा. आमचं प्रत्येक यंत्र कुठे उभं राहणार, कोण विकत घेणार, ते तुम्हाला कळवायचं. तुमच्या यादीतल्या देशांना कधीही काही विकायचं नाही. आणि बाबांच्या मंद वाऱ्याच्या यंत्राचा नकाशा तुमच्याकडे जमा करायचा, आणि तुमच्याखेरीज कोणालाही दाखवायचा नाही. दोरीवरचा कपडासुद्धा हलत नाही एवढ्या वाऱ्यात फिरणारी चक्की त्या माणसाने उभ्या आयुष्यात एक केली, ती तुमच्या कपाटात कुलूपबंद! नाक दाबलं की तोंड उघडतं, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. पण हे नाक बाबांचं आहे. जन्मात कोणाला दबलेलं नाही.

दरीतल्या दवाखान्याला यंत्र द्यायचा शब्द दिलाय मी. तिथल्या डॉक्टरीणबाईंचा लसींचा फ्रीज वीज गेली की बंद पडतो. चुंबकं नसली तर यंत्र नाही, यंत्र नसलं तर कारखाना नाही. हे सगळं समजून लिहिते: सही करणार नाही.

आई बरी आहे. तुझ्याबद्दल विचारत नाही.

कळावे तर कळावे,
ताई


२७ फेब्रुवारी

खिळ्या,

पाठवून पाठवून दोन ओळी पाठवल्यास. 'ताई, हट्ट सोड. सही कर, नाहीतर कारखाना बुडेल. मी याहून जास्त काही करू शकत नाही.' वा! शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड.

तुझा जाहीरनामा चुलीत घातला. चांगला पेटला. कागद उत्तम वापरता हो तुम्ही.

परवा आमच्याही उद्योग खात्याचे एक साहेब येऊन गेले. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल, मागे एक छत्री धरणारा. म्हणाले, "ताई, वरच्या पातळीवर बोलणी चालू आहेत. दोन मोठ्या देशांच्या मध्ये खडा होऊन बसू नका. करून टाका सही, आणि नकाशाची एक प्रत आमच्याकडेही द्या. राष्ट्रीय ठेवा आहे तो." मी विचारलं, बाबा हयात असताना या ठेव्याला एक कर्ज मागितलं होतं, तेव्हा तुम्ही कुठे होता? म्हणाले, तेव्हा ते धोरण नव्हतं. मी त्यांना चहा दिला आणि वाट दाखवली. चहा बिनसाखरेचा होता.

हातपाय गाळून बसलेली नाही मी. फोरमनकाका आठवतात ना? तेच, चुंबकात सापडून ज्यांचं अंगठ्याचं नख कायमचं काळं झालंय. ते म्हणाले, "भंगारात जाऊन बघू की. मोडक्या लिफ्टच्या मोटरी, मेलेल्या स्कूटरांची चाकं, सगळ्यांच्या पोटात चुंबकं आहेत." गेलो. मी लिफ्टच्या मोटरीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून बसले होते, आणि भंगारवाला सारखा म्हणत होता, "बाई, तुम्ही मालकीण ना?" म्हटलं, मालकीण आहे म्हणूनच. घरी आले तर आई म्हणाली, आधी अंघोळ कर, मग बोल.

भंगारवाला हुशार आहे. काढलेल्या प्रत्येक चुंबकाला लाल खूण करून देतो. जगाच्या रीतीने, उत्तर टोकाला लाल.

हसलास ना? हस. तू घर सोडलंस ते याच लाल रंगावरून. शिकून आलास आणि पहिल्याच दिवशी बाबांना म्हणालास, जगभर लाल म्हणजे उत्तर, आपल्याच कारखान्यात लाल म्हणजे दक्षिण का? बाबा म्हणाले, मी पहिलं चुंबक हातात घेतलं तेव्हा मला असंच वाटलं, आणि आजवर एक यंत्र चुकलेलं नाही. तू म्हणालास, "जग एकीकडे आणि तुम्ही एकीकडे." ते म्हणाले, "मग जा जगाकडे." आणि तू खरंच गेलास. दोघेही एकाच साच्यातले, आणि मध्ये मी, दोन्हीकडून ठोके खायला.

दवाखान्याचं यंत्र महिनाभरात उभं राहील. तुमच्या नाकावर टिच्चून.

अजूनही नात्याने,
ताई


१९ मार्च

खिळ्या,

यंत्र उभं राहिलं. फिरलंसुद्धा. आता पुढचं सांगते, पण नाचायचं नाही, आधीच बजावते.

आपल्याकडे जुन्या मालातली थोडी चुंबकं उरली होती. बाबांच्या हातची, लाल टिपक्याची. ती आणि भंगारातली एकत्र केली आणि यंत्राची चुंबकांची चकती भरायला घेतली. तुला काय सांगायचं, एका खाचेत लाल वर, शेजारच्या खाचेत लाल खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. कारखान्यात आजही तो नियम जपासारखा म्हणतात. बसवताना फोरमनकाका म्हणाले, "ताई, ही भंगारातली पोरं उद्धट आहेत. ओढायचं तिथे ढकलतात, ढकलायचं तिथे ओढतात." मी म्हटलं, "परक्या घरची आहेत, रुळतील."

रुळतील म्हणे! बाबांची दक्षिणेला लाल, भंगारवाल्याची उत्तरेला लाल, आणि आम्ही दोन्ही लाल एकच समजून ठोकून बसवली. मीच तुला लिहिलं होतं, आणि चकतीपुढे बसल्यावर सवयीने विसरले. कोणीही होकायंत्र लावलं नाही. होकायंत्र काचेच्या कपाटात, बाबांच्या फोटोशेजारी, शोभेला. बाबा स्वतः तपासून मग टिपका लावायचे, आम्ही फक्त टिपका बघायचो. ते गेले तरी आम्ही टिपकाच बघत राहिलो. दुसऱ्या कोणत्याही कारखान्यात ही चूक झाली नसती. तिथे बाबा नव्हते ना.

दवाखान्याच्या गच्चीवर वारा छान होता. सगळं गाव माना वर करून उभं. चक्की गरगर फिरली, टाळ्या पडल्या, आणि डॉक्टरीणबाईंनी बटण दाबलं. दिवा लागला. म्हणजे, लागल्यासारखा दिसला. जिथे जिथे चुकीचे शेजारी आले होते तिथे तिथे दोन चुंबकांनी एकमेकांची वीज खाऊन टाकली होती. डॉक्टरीणबाई दिव्याकडे बघून म्हणाल्या, "याची नाडी लागत नाहीये." लोक हसले. मीही हसले. काय करणार? मग जिन्यात जाऊन रडले, ते तुला सांगायचं कारण नाही.

लसी बर्फाच्या पेट्यांत भरून शहरात पाठवाव्या लागल्या. बाईंनी पेट्या स्वतः उचलून गाडीत ठेवल्या, तेच जास्त लागलं.

तर, तुझं खरं ठरलं. बाबांच्या फोटोसमोर उभी राहून मोठ्याने म्हटलं, "खिळ्याचं बरोबर होतं." फोटो नेहमीसारखाच रागावलेला होता.

पण एवढ्यावरून सही मिळेल अशा भ्रमात राहू नकोस. चुंबकाची खूण चुकली आमची, पाठीचा कणा नाही.

आई रोज संध्याकाळी रेडिओवर तुमच्याकडचं हवामान ऐकते. आपलं झालं तरी बंद करत नाही. विचारलं तर म्हणते, "वारा तिकडूनच येतो ना, म्हणून ऐकते."

ताई


९ एप्रिल

खिळ्या,

तुझं पत्र मिळालं. या वेळी शिक्का नव्हता. 'बाबांच्या हातची उरलेली चुंबकं जपून ठेव' एवढंच? तुझ्या अंगात अजून कोणीतरी राहतं म्हणायचं.

मी मागे एक खोटं लिहिलं होतं. जाहीरनामा चुलीत घातला नव्हता. कपाटात होता. दवाखान्याहून आल्यावर काढला. कारखान्यातली सगळी माणसं दारात उभी होती. लेथ यंत्रावर काम करणारी आपली लेथवाली तेवढी म्हणाली, "ताई, तुम्ही कराल ते. पण मुलींच्या शाळेची फी या महिन्यात आहे." मी पेनाचं टोपण काढलं. नावाचं पहिलं अक्षरसुद्धा लिहिलं. अडला हरी म्हणतात ना, तसे गाढवाचे पाय धरायला वाकलेच होते.

मग शेवटचं पान वाचलं. नकाशा गुप्त ठेवण्याची हमी. गुप्त! आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. जे गुप्तच नाही ते तुम्ही अडवणार कसं, आणि विकत घेणार कसं? कागद फाडला, या वेळी खरंच, आणि पाट्या रंगवणाऱ्याला बोलावलं.

आता कारखान्याच्या रस्त्याकडच्या भिंतीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बाबांचं यंत्र रंगवलेलं आहे. पात्यांचा बाक, चकती, तारेचे वेढे, सगळी मापं. कोणीही या, बघा, उतरवून घ्या. शाळेतल्या पोरींनी वह्यांत काढलं. एक टुरिस्ट फोटो काढून गेला, तो तुमच्या यादीतल्या देशाचा होता. मी त्याला स्टूल दिलं, म्हटलं वरची मापं नीट दिसत नसतील.

उद्योग खात्याचे साहेब धापा टाकत आले. "अहो, हा राष्ट्रीय ठेवा आहे!" म्हटलं, "मग राष्ट्राला बघू दे की. भिंत रस्त्याकडेच आहे." छत्रीवाला तोंडावर रुमाल धरून हसत होता.

फुकट काही नाही पडलं. फोरमनकाकांनी आठवडाभर माझ्या हातचा चहा घेतला नाही. म्हणाले, तुझ्या बाबांनी जन्म घालवला आणि तू दोन डबे रंगात वाटून टाकलंस. पुढच्या गल्लीतल्या मोटार वाइंडिंगवाल्याने तर आपल्याआधी चक्की उभी करून दाखवली. माझ्या पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्याच दिवशी तोच आला. चकती थरथरते, जरा बघता का. बघितली, आणि त्याच्याकडून बघण्याचे पैसे घेतले. आता असे बरेच येतात. भिंत बघून यंत्र करता येतं, पण यंत्र शांत फिरवायचं तर अजून आपल्याच गेटवर यावं लागतं. लेथवालीच्या मुलींची फी भरून झाली.

आणि तुमची चुंबकं? ती राहू देत तुमच्या गोदामात. आम्ही काळी चुंबकं लावली. लाउडस्पीकरमध्ये असतात ती, गंजापासून होणारी. ताकद कमी, म्हणून जास्त लागतात. चकती एवढी मोठी झाली की गच्चीवर चढवताना सगळा कारखाना दोराला लटकला. पोरांनी तिचं नाव म्हैस ठेवलंय. दिसायला बेढब, चालायला संथ, पण दूध देते. दवाखान्याचा फ्रीज चालू आहे. डॉक्टरीणबाईंनी दिव्याखाली पेपर धरून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, मुद्दाम, माझ्यासमोर.

एक गोष्ट राहिली. भिंतीवर लाल रंग कुठे द्यायचा, असं पाटीवाल्याने विचारलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, उत्तरेला. तुझ्यापुढे हरले म्हणून नाही. चित्र सगळ्यांसाठी आहे, तर खूणही सगळ्यांची हवी. आपल्या घरातल्या खुणेपायी दुसऱ्या कुठल्या दवाखान्याच्या दिव्याची नाडी जायला नको. त्या दिवसापासून या कारखान्यात लाल म्हणजे उत्तर, आणि होकायंत्र कपाटातून बाहेर, दोरीने बाकाला बांधलेलं. ते लावल्याशिवाय एकही चुंबक बसवायचं नाही.

जिंकलास, खिळ्या. बाबांना मी समजावलंय. तू येऊन समजाव, माझं ते फारसं ऐकत नाहीत.

ताई


२२ मे

खिळ्या,

खोकं आलं.

सोबत तुमच्या विभागाचं पत्र आहे. 'बंदीपूर्वीचा माल म्हणून, जाहीरनाम्याविना, मुक्त करण्यात येत आहे.' शेवटी दिसलं का रे ते कलम! पण पत्राखाली सही दुसऱ्याच कोणाची. आणि त्याखाली बारीक अक्षरात, 'हा आदेश देणारे अधिकारी आता या विभागात नाहीत. पुढील पत्रव्यवहार त्यांच्या नावे करू नये.' हे वाचून मी खुर्चीवर बसले. काय केलंस तू?

मग खोकं उघडलं. तुमच्याकडची चुंबकं नेहमी कोरी येतात, करडी, बिनखुणेची. इतकी वर्षं तशीच आली. या वेळी प्रत्येकावर लाल टिपका. फोरमनकाकांनी नव्या नियमाप्रमाणे होकायंत्र धरलं आणि म्हणाले, "चुकलंय. लाल दक्षिणेला आहे." दुसरं धरलं. दक्षिण. तिसरं. दक्षिण. मी त्यांच्या हातातून होकायंत्र घेतलं आणि खोक्यातलं एक न् एक चुंबक स्वतः तपासलं. सगळी दक्षिण.

जगाकडे गेलास ना तू? मग जगाच्या गोदामात बसून बाबांची खूण कशी करत होतास?

आईला बोलावलं. तिने एक चुंबक उचललं, उजेडाकडे नेलं आणि टिपक्यावर स्वतःची करंगळी टेकवली. बाबा ब्रश वापरायचे नाहीत, करंगळीने टिपका लावायचे, हे बाहेरच्या कोणाला माहीत नाही. आई म्हणाली, "सगळं खोकं एकट्याने केलंय. बोट सोललं असेल मेल्याचं." मग रेडिओ बंद केला. हवामान अजून चालू होतं.

मी इथे लाल उत्तरेला नेलं, त्याच सुमारास तू तिथे दक्षिणेला लावत होतास. आयुष्यभर भांडून शेवटी दोघांनी एकमेकांचं ऐकलं, तेही एकाच वेळी. आपल्याला वेळ साधायची अक्कल देवाने दिलीच नाही. मी हसत सुटले. लेथवालीला वाटलं मला काही झालं.

फोरमनकाका थिनर आणि फडकं घेऊन आले, खुणा पुसून नव्याने करू म्हणाले. मी त्यांचा हात धरला. पुसायचं नाही. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक यंत्रात लाल म्हणजे उत्तर. या खोक्यातून एकच यंत्र होईल आणि ते आपल्या छपरावर चढेल, त्यात लाल म्हणजे दक्षिणच राहील. काका एवढंच म्हणाले, "मग थिनर परत नेतो." आणि जाता जाता काळ्या नखाच्या अंगठ्याने डोळे पुसले.

हे पत्र तुझ्या जुन्या कार्यालयाच्याच पत्त्यावर पाठवते. दुसरा पत्ता तू दिलासच कधी? नवे अधिकारी उघडून वाचतील. वाचू देत. नमस्कार, साहेब! नकाशा हवा असेल तर भिंत दिवसभर उघडी असते, स्टूल मी देते. सही मात्र इथून मिळणार नाही, तुम्ही खुर्चीवर कितीही माणसं बदला. आणि तुमच्या आधी त्या खुर्चीत बसायचा तो माझा भाऊ. त्याची कुठे चौकशी लावली असेल, त्याला कुठे अडवून ठेवला असेल, तर हे पत्र फाइलला न लावता त्याच्या हातात द्या. तो काही तुमच्या खाणीतून निघालेला नाही. तो आमचा माल आहे.

खिळ्या, नोकरी गेली असेल तर बरं झालं. इथे पगार कमी आहे आणि बोलणी जास्त खावी लागतात, ते तुला माहीतच आहे. आई तुझ्याबद्दल विचारत नाही असं मी लिहिलं होतं, तेही खोटं होतं. रोज विचारते.

छपरावरची चकती आजच भरली. एक सोडून सगळी चुंबकं बसवली. ते एक मी बाकावर, होकायंत्राशेजारी, ठेवलंय, लाल बाजू वर करून. कोणालाही हात लावू देत नाही. एक खाच रिकामी असली की चकती कशी डगमगते, ते तुला मी सांगायला नको. वारा सुटायच्या आत ये.

ताई